‘ब्लीडिंग एज’ : माग पुसणारे जाल आणि गुप्तहेरकथेची संरचना

गुप्तहेर कादंबरीत दोन कथा नांदत असतात, एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची, ही त्स्वेतान तोदोरोव्ह यांची १९६६ मधील मांडणी अभ्यासकांना परिचित आहे. पहिली कथा निवेदन सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेली असते. दुसरी तिचा मागोवा घेते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे खूण. चिखलातला पाऊलठसा असो वा विझलेल्या सिगारेटची राख, गुन्हेगार मागे काहीतरी ठेवून जातोच, या गृहीतकावर हा वाङ्मयप्रकार उभा आहे. मात्र गुन्ह्याची वाट अशा स्थळातून जात असेल की जेथे माग पुसला जाणे हीच मूळ रचना आहे, तर तपासाची कथा कशाच्या आधारे चालावी? थॉमस पिंचन यांच्या ‘ब्लीडिंग एज’ (२०१३) या कादंबरीच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार येथे अभिप्रेत आहे.

कादंबरीचा काळ २००१ च्या वसंत ऋतूपासून २००२ च्या आरंभापर्यंतचा, आणि स्थळ न्यूयॉर्क. संगणक-कंपन्यांचा फुगा नुकताच फुटला आहे. नायिका मॅक्सीन टार्नो ही आर्थिक अफरातफरींचा छडा लावणारी खासगी तपासनीस असून तिचे व्यावसायिक प्रमाणपत्र रद्द झालेले आहे. दोन शाळकरी मुलांची ही आई ‘हॅशस्लिंगर्झ’ या संगणक-सुरक्षा कंपनीच्या व्यवहारांत शिरते आणि कंपनीचा प्रमुख गेब्रिएल आइस याच्याभोवतीचे गूढ वाढत जाते. दरम्यान लेस्टर ट्रेप्स या त्याच्याशी आर्थिक संबंध असलेल्या माणसाचे प्रेत ‘डेझरेट’ या जुन्या निवासी इमारतीत सापडते.

या कथेच्या तळाशी ‘डीपआर्चर’ आहे. हे नाव उच्चारताना ‘डिपार्चर’, म्हणजे प्रस्थान, असे ऐकू येते. हा श्लेष हेतुपुरस्सर आहे. जस्टिन आणि लुकास या दोन तरुणांनी शोधयंत्रांना न दिसणाऱ्या डीप वेबमध्ये हे आभासी आश्रयस्थान रचले आहे. आलेला प्रवासी कोठून आला, हे येथील वाट तत्क्षणी विसरते. या कल्पनेला वास्तवाचा आधार आहे. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘अनियन राउटिंग’ची पद्धत विकसित झाली. संदेशावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी सांकेतिक आवरणे चढवायची आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला फक्त मागचा व पुढचा शेजारी कळू द्यायचा, हे तिचे सूत्र. या पद्धतीवर आधारलेले ‘टॉर’ २००२ मध्ये जनतेसाठी खुले झाले, म्हणजे पिंचन २०१३ चे भान २००१ च्या पात्रांच्या हाती देतात. हा कालविपर्यास म्हणून दोष मानण्याचे कारण नाही.

लक्षणीय बाब अशी की, मॅक्सीनच्या हाती लागणाऱ्या निर्णायक खुणा डीपआर्चरमध्ये सापडत नाहीत. पहिली खूण हिशेबाच्या कागदांत मिळते. बंद पडलेल्या एका संकेतस्थळ-कंपनीला हॅशस्लिंगर्झकडून पैसे जात राहिले आहेत, आणि त्या रकमांतील आकडे बेनफर्डच्या नियमाशी जुळत नाहीत. स्वाभाविकपणे जमा झालेल्या अनेक आकडेवाऱ्यांत पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के, तर ९ असण्याचे ५ टक्क्यांहून कमी असते. मनाने आकडे रचणाऱ्याला हे प्रमाण सहसा साधत नाही. खोटे बोलणाऱ्याचा हातच येथे पाऊलठसा होतो. पुढे पैशाची वाट आखाताकडे वळते आणि हवाल्याचा उल्लेख येतो. (इंग्रजी वाचकाला हा शब्द समजावून द्यावा लागतो, १९९० नंतरची वृत्तपत्रे वाचलेल्या मराठी वाचकाला तशी गरज नाही.) दुसरी खूण याहून मार्मिक आहे : गंध. ट्रेप्सच्या मृत्युस्थळी दरवळणारे पुरुषी सुगंधद्रव्य ओळखण्यासाठी मॅक्सीन चक्क एका व्यावसायिक गंधतज्ज्ञाला सोबत नेते. हा प्रसंग विनोदी अंगाने लिहिला असल्याने केवळ विक्षिप्तपणा म्हणून नजरेआड होण्याची शक्यता आहे. वस्तुतः जालातून जे कधीच वाहून नेता येत नाही, नेमके तेच येथे पुरावा ठरते.

या निवडीचे मर्म एका वास्तव प्रकरणाच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. कादंबरी १७ सप्टेंबर २०१३ रोजी प्रसिद्ध झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, ‘सिल्क रोड’ या टॉरवरील अमली पदार्थांच्या बाजाराचा चालक रॉस उलब्रिक्ट याला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात अटक झाली. (२०१५ मध्ये त्याला जन्मठेप झाली, जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्षांनी त्याला माफी दिली.) त्याचे नाव प्रथम हेरणाऱ्यांत करखात्याचा एक अधिकारी होता. त्याने सांकेतिक आवरणे भेदली नाहीत. सर्वांना खुल्या असलेल्या शोधयंत्रावर जुना मजकूर चाळला. बाजाराची पहिलीवहिली जाहिरात करणाऱ्या टोपणनावाखालीच अन्यत्र एक ई-मेल पत्ता दिलेला होता आणि त्यात खरे नाव होते. हिशेबनीस वृत्तीचा तपासनीस आणि यंत्राबाहेर राहिलेली मानवी चूक, ही मॅक्सीनच्याच तपासाची रीत आहे.

तथापि कादंबरी तेथे थांबत नाही, आणि गुप्तहेरकथा म्हणून ती वादग्रस्त ठरते ती यापुढेच. ट्रेप्सच्या मृत्यूचा निःसंदिग्ध उलगडा होत नाही. डेझरेटच्या गच्चीवर क्षेपणास्त्र रोखून उभ्या माणसांचे चित्रीकरण मॅक्सीनच्या हाती येते, त्याचा अर्थही अखेरपर्यंत लागत नाही. अखेरच्या पानावर मुखवटा गळून पडण्याची, बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांनी रुजवलेली अपेक्षा येथे पुरी होत नाही. पात्रांची अतोनात गर्दी आणि उत्तरार्धातील शैथिल्य हे दोष मान्य करावे लागतील. उलगड्याचा अभाव मात्र त्यांच्या पंक्तीला बसवता येत नाही. ११ सप्टेंबर २००१ चा दिवस जवळ येत असल्याचे वाचकाला ठाऊक आहे, मॅक्सीनला नाही. रूढ रहस्यकथेत गुप्तहेराला वाचकापेक्षा अधिक दिसते. येथे हा क्रम उलटतो. उत्कंठा ‘कोणी केले’ याची न राहता ‘हिला वेळेत कळेल काय’ याची होते, आणि त्याचे उत्तर इतिहासाने आधीच दिलेले असते.

त्या दिवसानंतर डीपआर्चरचे रूप पालटते. मनोऱ्यांत मेलेल्यांच्या प्रतिमा त्यांचे आप्त तेथे आणून ठेवू लागतात. निकोलस विंडस्ट हा सरकारी हस्तक, ज्याच्याशी मॅक्सीनचे नाते संशय आणि आकर्षण यांच्यामध्ये घोटाळत राहिले होते, मारला जातो. पुढे त्याच्यासारखी कोणी आकृती तिला डीपआर्चरमध्ये भेटते. रूढ गुप्तहेरकथेत मृत व्यक्ती मुकी असते, म्हणून तर गुप्तहेराची गरज भासते. येथे मृत बोलतो. परंतु तो शब्द त्याचा, कोणा जिवंताने त्याच्या तोंडी घातलेला, की मॅक्सीनच्याच मनातला, हे ताडून पाहण्याचे साधन तिच्यापाशी नाही. बनावट पावती नुसत्या नजरेने ओळखणारी ही बाई त्या आकृतीला प्रश्न विचारते, आणि मिळालेल्या उत्तराची नोंद कोणत्याही खात्यात करू शकत नाही.