हालचाल ओळखणारे संवेदक

व्यायाम आरोग्याला चांगला, हे सर्वांना माहीत असते. पण रोज त्याच त्या उठाबशा काढायच्या म्हटले, की कंटाळा येतो. खेळताना मात्र घाम कधी आला ते कळतही नाही. म्हणून काही खेळांत कसरत आणि करमणूक यांची सांगड घातलेली असते.

अशा एका प्रकारच्या खेळात डोळ्यांवर मोठ्या चष्म्यासारखे यंत्र बसवतात. मान वळवली, की त्यातील दृश्यही वळते. आपण त्या चित्रातच उभे आहोत, असा भास होतो. यालाच आभासी वास्तव म्हणतात. अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी १९६८ साली डोक्यावर बसवायचे असे यंत्र दाखवले. डोके कोठे वळले हे कळावे, म्हणून त्याला छतापासून लोंबणारा दांडा जोडला होता!

आता दांड्याची गरज उरलेली नाही. प्राग शहरात तयार झालेला ‘बीट सेबर’ हा खेळ २०१८ साली आला. त्यात संगीताच्या तालावर समोरून ठोकळे येतात. ते दोन्ही हातांतील प्रकाशाच्या तलवारींनी कापायचे असतात. खरी तलवार तर हातात नसते. मग हात कसा फिरला, हे यंत्राला कसे कळते?

हातात धरायच्या मुठीत हालचाल ओळखणारे चिमुकले भाग असतात. त्यांना संवेदक किंवा सेन्सर म्हणतात. चालकाने एकदम ब्रेक लावला, की एस.टी.त आपण पुढे झुकतो. संवेदकातही बारीक पट्ट्यांवर टांगलेला सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा असतो. हात झटकला, की तो किंचित सरकतो. त्यावरून वेगातील बदल समजतो. हात किती वळला, हे दुसरा संवेदक सांगतो.

पण डोळे मिटून चालून पाहा. प्रत्येक पावलाला थोडी चूक होते आणि शेवटी आपण भलतीकडेच पोहोचतो. संवेदकांचेही तसेच होते. म्हणून अनेक यंत्रांत कॅमेरेही बसवतात. ते हाताची जागा पाहून ही चूक सुधारतात.

आणखी एक अडचण आहे. संवेदक जेथे असेल, तेथलीच हालचाल त्याला कळते. २००६ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने ‘वी’ हे खेळयंत्र आणले. त्यातील टेनिस संपूर्ण हात फिरवून खेळावे, अशी कल्पना होती. पण कोचावर बसून नुसते मनगट झटकले, तरी चेंडू टोलवता येई. यंत्र फसे, पण व्यायाम मात्र बुडे. याच कंपनीच्या २०१९ सालच्या ‘रिंग फिट’ या टीव्हीवरील खेळात एक संवेदक मांडीला बांधतात. तेथे जागच्या जागी धावल्याशिवाय पडद्यावरचा माणूस धावत नाही. आभासी वास्तवातील खेळांसाठीही पायांना व कमरेला लावता येतील असे संवेदक २०१७ साली बाजारात आले.

रुग्णांच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. अर्धांगवायूच्या रुग्णांना हाताचा व्यायाम देण्यासाठीही असे खेळ वापरतात. हात पुढे जात नसेल, तर रुग्ण नकळत सारे अंगच पुढे झुकवतो. हातातील संवेदकाला वाटते, हात पोहोचला! खेळात गुण मिळतात, पण हात होता तसाच राहतो. छातीवरही संवेदक बांधला, तर हे झुकणे लगेच लक्षात येते. तरीही व्यायाम शिकवणारा जाणकार जवळ लागतोच.

मित्रांनो, असा खेळ खेळायला मिळाला, तर आधी आजूबाजूच्या खुर्च्या व टेबले दूर सारा. कारण तुमचे डोळे झाकलेले असतील. चक्कर आल्यासारखे वाटले, तर लगेच थांबा. आणि खेळ संपल्यावर पडद्यावरचे गुण पाहण्याआधी छातीवर हात ठेवून पाहा. मेहनत खरोखर झाली असेल, तर ते तुमचे हृदयच सांगेल.