‘बाय’ की ‘टू’? भाडेकरारातले इंग्रजी

घरभाड्याचा करार बहुधा इंग्रजीत असतो आणि सही करणारा तो एजंटच्या तोंडून ऐकतो. भाडे किती, डिपॉझिट किती एवढे कळले की पेन उचलले जाते. भाडेवाढीचे कलम तसेच राहते. आम्ही शाळेत शेकडेवारी शिकवतो. गणित मुलांना येते, पण इंग्रजी वाक्यातल्या ‘बाय’ आणि ‘टू’पाशी ती अडखळतात. मोठ्यांचेही तेच होते.

समजा, भाडे 8,000 रुपये आहे. ‘इन्क्रीज्ड बाय 10 पर्सेंट’ म्हणजे त्यावर 800 चढले, भाडे 8,800. ‘इन्क्रीज्ड टू 110 पर्सेंट’ म्हणजे भाडे मूळ रकमेच्या 110 टक्के झाले, तेही 8,800च. पण ‘बाय 110 पर्सेंट’ छापले गेले तर भाडे थेट 16,800! मराठीत आपण ‘टक्क्यांनी वाढले’ आणि ‘टक्क्यांवर गेले’ असे सहज वेगळे बोलतो. ‘नी’ म्हणजे बाय, ‘वर’ म्हणजे टू. घरात उर्दू असेल तर ‘दस फीसद का इजाफा’ आणि ‘एक सौ दस फीसद तक पहुंचा’ असे आठवावे.

खरी मेख पुढे आहे. दरवर्षी 10 टक्के, पण कशाचे? ‘ओरिजिनल रेंट’ लिहिले असेल तर दरवर्षी 800च वाढतात: 8,800, मग 9,600, मग 10,400. ‘लास्ट पेड रेंट’ असेल तर वाढीवरही वाढ चढते: 8,800, 9,680, 10,648. तिसऱ्या वाढीनंतर महिन्याला 248 रुपयांचा फरक, वर्षाला 2,976. नुसतेच ‘10 पर्सेंट एव्हरी इयर’ असेल तर भांडण ठरलेले.

घरमालक कधी म्हणतात, “तुमचा महागाई भत्ता 4 टक्के वाढला की!” 1 जानेवारी 2024 पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांचा भत्ता 46 वरून 50 टक्के झाला. ही वाढ 4 ‘पर्सेंटेज पॉइंट’ची आणि फक्त मूळ वेतनावरची. मूळ वेतन 30,000 असेल तर 1,200 रुपये जास्त मिळतात. मूळ वेतन आणि भत्ता मिळून आधी 43,800 येत होते, त्या मानाने वाढ पावणेतीन टक्केच.

सहीआधी एजंटकडून प्रत्येक वर्षाचे भाडे रुपयांत, आकडा आणि अक्षर दोन्हींत, करारातच लिहून घ्यावे. त्याला दोन ओळी जास्त टाइप कराव्या लागतील, एवढेच.