खारेपाटाची माती येते कुठून?

पेणच्या पश्चिमेला आणि रोह्याच्या खाली कुंडलिकेच्या काठाने डोंगर मागे पडतात आणि काळ्या, चिकट मातीची सपाट भातशेते सुरू होतात. हा खारेपाट. डोंगर, नदी आणि समुद्र यांनी मिळून तो घडवला आहे. तो कसा घडला हे कळले, तर तो कशाने टिकेल हेही कळते.

डोंगर झिजतो

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला. त्याचे थरावर थर थिजून बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, तयार झाला. सह्याद्री याच थरांचा. या पट्ट्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हवेतला व मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने हे पाणी किंचित आम्लधर्मी होते. कातळाच्या फटींत मुरून ते खनिजे कुजवते आणि त्यांची चिकणमाती होते. अंबा, भोगावती आणि कुंडलिका ती गढूळ पुरातून खाली आणतात.

खाडी गाळ धरते

शेवटचे हिमयुग सरताना समुद्राची पातळी १०० मीटरहून अधिक चढली. नद्यांच्या मुखाकडच्या दऱ्या बुडाल्या आणि धरमतर, रेवदंडा यांसारख्या खाड्या झाल्या. गोड्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. खारे पाणी मिसळले की ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि भरती-ओहोटीमधल्या संथ वेळी तळाशी बसतात. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते आणि काठावर गाळाचा पातळ थर ठेवून जाते. काठ पुरेसा उंचावला की तिवर रुजते. तिच्या चिखलाबाहेर डोकावणाऱ्या श्वसनमुळांत पाणी मंदावते आणि आणखी गाळ बसतो.

बांध आणि उघाडी

अशी वर आलेली जमीन शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून समुद्राकडून सोडवून घेतली. बांधातली उघाडी ओहोटीला उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला बंद होते. सुरुवातीच्या पावसाने मातीतले मीठ धुतले जाते, मग भात लागतो. उन्हाळ्यात वातीत तेल चढावे तसे खालचे खारे पाणी वर चढते, उडून जाते आणि वर मिठाचा पांढरा थर उरतो. म्हणूनच पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ अशा क्षार सोसणाऱ्या भातजाती तयार केल्या.

उधाण आणि पाऊस

अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती येते. आपल्या किनाऱ्यावर ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास पूर्ण भरते. नेमका तेव्हा डोंगरात मुसळधार पाऊस असला तर उघाडी उघडत नाही आणि नदीचे पाणी तुंबते. बाहेरून लाटा, आतून पूर, अशा दुहेरी दाबाने बांधाला खांड पडते. शेतात शिरलेले मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे जावे लागतात.

बांधाआडची जमीन

बांध पाणी अडवतो, तसा गाळही अडवतो. बाहेरचा काठ भरतीगणिक उंचावत राहतो. आतली जमीन मात्र नव्या गाळाला मुकते, सुकते आणि दबत जाते. त्यात आता समुद्राची पातळीही वाढते आहे. म्हणजे बांध जितका जुना, तितकी त्याच्यावरची जबाबदारी मोठी.

खारभूमीसाठी महाराष्ट्रात १९७९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याला जमिनीवर दोन गोष्टींची जोड हवी. पहिली, बांधाबाहेरचा तिवरांचा पट्टा राखणे, कारण तो लाटांचा जोर झेलतो आणि बांधाच्या पायथ्याशी गाळ धरतो. दुसरी, खांड पडताच बुजवणे. दर भरती-ओहोटीला आत-बाहेर करणारे पाणी तिला रुंद आणि खोल करते. दिवसातून दोनदा वाढणारे नुकसान पुढच्या हंगामावर ढकलता येत नाही.