टाइप वन मधुमेह : दोन गल्ल्यांवरचे कल्याणमित्र

आषाढ पौर्णिमेपासून आमच्या नागपूरच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका वाचनानंतर एक आई मागे थांबली. तिच्या तेरा वर्षांच्या मुलीला टाइप वन मधुमेह झाला होता आणि हे तिच्या नणंदेलासुद्धा माहीत नव्हते. ‘कोणाला सांगू नका, उद्या लग्नाचे पाहावे लागेल,’ एवढे बोलून ती गेली. तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून याच आजाराचा एक मुलगा राहतो, हे आम्हाला ठाऊक होते. त्याच्या घरच्यांनीही आम्हाला हीच अट घातली होती. शेवटी दोघांना वेगवेगळे विचारले, ‘असेच आणखी एक घर आहे, भेटाल का?’ पहिली बैठक विहाराच्या मागच्या खोलीत दोन आया आणि दोन मुलांची झाली. आज तिथे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आठ घरे येतात.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते. मूल गोड फार खात होते म्हणून किंवा आईचे काही चुकले म्हणून तो होत नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. १९२१ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांना इन्सुलिन गवसले, जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. त्याआधी अशी मुले फार काळ जगत नसत. आज ती म्हातारी होईपर्यंत जगू शकतात, पण इन्सुलिन रोज घ्यावेच लागते. वस्तीतली वडीलधारी मंडळी मायेने सांगतात, ‘बाबासाहेबांनाही साखर होती, पथ्याने राहा.’ मोठ्या वयात होणारा मधुमेह वेगळा. इथे मेथी, कारले, जांभळाच्या बियांची पूड यांनी इन्सुलिनची जागा भरून निघत नाही. एका घरात नातेवाइकांच्या आग्रहाने पुडी सुरू झाली आणि इंजेक्शन थांबले. चौथ्या दिवशी उलट्या, पोटदुखी, धाप आणि मग अतिदक्षता विभाग. मूल वाचले. आता तेच वडील नव्या घरांना भेटायला आमच्याबरोबर येतात, आणि त्यांच्या एका वाक्याला आमच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त वजन असते.

इन्सुलिन मिळणे ही पहिली लढाई. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरांतल्या अशा मुलांना इन्सुलिन पुरवण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. पण डॉक्टरांसमोर तीन महिन्यांतून दहा मिनिटे मिळतात. उरलेले सगळे दिवस घरात काढायचे असतात, आणि तिथल्या चुका घरातल्याच माणसाला दिसतात. एका बैठकीत नवीन आलेल्या वडिलांनी पेनची कार्ट्रिज काढली आणि लाल टोपणाच्या सिरिंजने त्यातून औषध ओढू लागले. पेन बिघडले होते, म्हणून ही युक्ती. शेजारच्या बाईंनी त्यांचा हातच धरला. लाल टोपणाची सिरिंज ४० ताकदीच्या बाटलीसाठी असते, कार्ट्रिजमधले औषध १०० ताकदीचे. सिरिंजवर १० चा आकडा दिसतो, अंगात जातात २५ युनिट. त्या बाई सातवी शिकलेल्या आहेत. हे त्यांना कोणी वर्गात शिकवले नव्हते, त्यांच्या स्वतःच्या मुलाला एकदा याच चुकीने झटका आला होता.

अशा गोष्टी तिथे सहज निघतात. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवायचे आणि औषध त्यात ठेवायचे. एका पट्टीला पंधरा-वीस रुपये पडतात, मग हात आखडता घ्यायचाच झाला तर रोजच्या कोणत्या वेळची तपासणी अजिबात चुकवायची नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्यायचे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर तासन्‌तास रांगेत उभे राहायचे किंवा १४ एप्रिलच्या मिरवणुकीत चालायचे, तर खिशात साखर हवी आणि सोबतच्या एकाला तरी आजार माहीत हवा. घाम, थरथर, चिडचिड सुरू झाली आणि साखर ७० च्या खाली असली, तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, थेट दवाखाना.

असे वर्तुळ कोणालाही सुरू करता येईल, पण काही गोष्टी आम्ही चुकून शिकलो. सुरुवातीला आम्हीच बोलत होतो, आणि माणसे ऐकून घरी जात. आम्ही चहाकडे वळलो तेव्हा ती एकमेकांशी बोलू लागली. अनुभव सांगायचा, पण दुसऱ्याचा डोस ठरवायचा नाही. तो डॉक्टरच ठरवतील. बोट टोचायची सुई प्रत्येकाची वेगळी. मुलांना आयांपासून थोडा वेळ लांब बसू द्यायचे, कारण चोरून खाल्लेल्या जिलेबीबद्दल ती आईसमोर बोलत नाहीत. आणि फोटो नाही. एका देणगीदारांना पट्ट्यांचे वाटप मंचावरून, मुलांना रांगेत उभे करून करायचे होते. आम्ही पट्ट्या नाकारल्या. त्यावरून विहार समितीत वाद झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही.

गेल्या वैशाख पौर्णिमेला त्या पहिल्या मुलीने अष्टशील घ्यायचे ठरवले. आजी खूश, आई घाबरलेली. दुपारनंतर काही खायचे नाही, मग साखर उतरली तर? भन्तेंनी विनयातला भेसज्जक्खंधक काढून दाखवला. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी-गूळ ही पाच औषधे अवेळीही घेण्याची मोकळीक तथागतांनी दिली होती. ज्याला आपण नियम मोडणे समजत होतो, तो नियमातच होता. तिने शील घेतले, डॉक्टरांना विचारून डोस ठरवला, गुळाचा खडा पिशवीत ठेवला, आणि चार वाजता तो खाल्लाही. बुद्धांनी कल्याणमित्रतेला एवढे मोठे स्थान का दिले असावे, हे आम्हाला त्या दिवशी नीट कळले. तिच्या शेजारी त्या वेळी तो दोन गल्ल्यांपलीकडचा मुलगा बसला होता. तिचा हात थरथरताना पहिल्यांदा त्यालाच दिसला.

मध्यंतरी बैठकीला एक तिशीच्या ताई आल्या. बारा वर्षांपासून टाइप वन, लग्न झालेले, पदरी चार वर्षांची मुलगी. सगळ्या आयांनी त्यांना घेरले. सासरी कधी सांगितले? बाळंतपण कसे झाले? मुलीला होईल का? ताईंनी एकेक उत्तर दिले. लग्नाआधीच सांगितले होते, दोन स्थळांनी नकार दिला, तिसऱ्याने इंजेक्शन कसे देतात ते शिकून घेतले.

पहिल्या मुलीच्या शाळेतल्या बाईंना आता सगळे माहीत आहे, त्यांच्या टेबलाच्या खणात ग्लुकोजचा पुडा असतो. नणंदेलाही कळले आहे. इन्सुलिन मात्र तिची आई अजूनही दूरच्या दुकानातूनच आणते.