गेल्या वर्षीचा हिम, वय वर्षे 3000

15 जुलै 1942. ब्रिटनकडे निघालेली अमेरिकेची सहा पी-38 आणि दोन बी-17 विमानं खराब हवामानामुळे आग्नेय ग्रीनलंडच्या हिमावर उतरली. माणसं सुखरूप परतली, विमानं तिथेच राहिली. 1980च्या दशकात ती शोधायला गेलेल्यांना वाटत होतं, वरचा हिम झाडला की शेपट्या दिसतील. 1988 मध्ये विमानांचा ठावठिकाणा लागला, तो जवळपास 80 मीटर खाली. म्हणजे 25 मजली इमारत वर रचलेली. 1992 मध्ये बर्फ वितळवत विहीर पाडली आणि एक पी-38 सुटं करून तुकड्यातुकड्याने वर काढलं. विमानं रुतली नव्हती. 46 वर्षांचा हिम त्यांच्यावर चढत गेला होता.

या चढत जाणाऱ्या थराला हिमशास्त्रात फिर्न म्हणतात. निदान एक उन्हाळा न वितळता टिकलेला, पण अजून पुरता बर्फ न झालेला हिम. शब्द आल्प्समधल्या जर्मनभाषकांचा, अर्थ ‘गेल्या वर्षीचा’. त्याच मुलखातले गिर्यारोहक वसंतात टणक झालेल्या हिमालाही सर्रास फिर्न म्हणतात. शास्त्रज्ञ मात्र घनता मोजतात. ताजा भुसभुशीत हिम घनमीटरला 50 ते 100 किलो भरतो. फिर्न साधारण 400 पासून 830 पर्यंत. त्यापुढे हिमनदीचा बर्फ, कमाल 917. वरच्या वजनाने आधी कण एकमेकांना खेटून बसतात. 550 च्या आसपास ही सरकासरकी संपते आणि मग कण एकमेकांत जुळू लागतात. हे काम फार सावकाश चालतं.

किती सावकाश, ते पूर्व अंटार्क्टिकातल्या रशियाच्या वोस्तोक तळावर कळतं. 21 जुलै 1983 रोजी उणे 89.2 अंश सेल्सिअस नोंदवलं गेलं ते हेच ठिकाण. इथे वर्षाकाठी पडणारा हिम वितळवला तर पाणी जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर. फिर्नचा थर मात्र सुमारे 100 मीटर. त्याच्या पाण्याची उंची ढोबळमानाने 65 मीटर धरा आणि सरळ भागाकार करा. उत्तर 3000 वर्षांच्या घरात येतं. तळाशी असलेला ‘गेल्या वर्षीचा’ हिम पडला तेव्हा जगात रोमन साम्राज्य जन्मायचं होतं. आग्नेय ग्रीनलंडमध्ये धो धो हिम पडतो, म्हणून तिथे असाच थर काही दशकांत चढतो.

या दिरंगाईतून एक विचित्र गोष्ट घडते. घनता 830 होईपर्यंत कणांमधल्या फटी वरच्या वातावरणाशी जोडलेल्या राहतात, आणि हवा खाली झिरपत राहते. त्यानंतर फटी मिटतात, बुडबुडे कैद होतात. दर किलो बर्फात अदमासे 100 मिलिलिटर हवा. पण ती हवा भोवतालच्या बर्फापेक्षा तरुण असते आणि वोस्तोकमध्ये हा फरक हजारो वर्षांचा आहे! युरोपीय चमूने अंटार्क्टिकातल्याच डोम सी इथे 3270 मीटर खोल भोक पाडून 8 लाख वर्षांपूर्वीची हवा मिळवली, तिचा अर्थ लावतानाही आधी हा फरक वजा करावा लागतो. बर्फातून कळणारं तापमान आधी वाढलं की बुडबुड्यांतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड, हा वाद बराच काळ रेंगाळला त्याचं एक मोठं कारण हेच. फटी मिटायच्या आत हवा पंपाने थेट ओढून घेता येते. दक्षिण ध्रुवावर अशी साधारण शतकभरापूर्वीची हवा मिळाली आहे.

फिर्न पाणीही साठवतो. 2011च्या वसंतात ग्रीनलंडमध्ये नमुन्यासाठी भोक पाडणाऱ्यांच्या हत्याराबरोबर चक्क वाहतं पाणी वर आलं. बाहेर गोठवणारी थंडी, वर अनेक मीटर हिमाचं पांघरूण, आणि त्याखाली उन्हाळ्यात मुरलेलं पाणी, हिवाळाभर न गोठलेलं. नंतरच्या अंदाजानुसार हा साठा सुमारे 70,000 चौरस किलोमीटरांत पसरला आहे आणि त्यात 140 अब्ज टन पाणी आहे. ते सगळं समुद्रात गेलं तर जगभर पातळी 0.4 मिलिमीटरने वाढेल. आकडा किरकोळ वाटतो खरा, पण ग्रीनलंडच्या बर्फाचा जमाखर्च मांडणाऱ्यांच्या वहीत हा रकाना तोवर नव्हताच.