हुलग्याचं कढण : ऐकीव किती, खरं किती

पाऊस लागून राहिला, थंडी वाढली किंवा घरात कुणी पडसं होऊन पांघरूण घेऊन पडलं, की बारामती-इंदापूरकडच्या घरांत रात्री हुलगे भिजत पडतात. सकाळी त्यांचं कढण होतं, लसणाची फोडणी बसते आणि भाकरी कुस्करून वाटीभर कढण पोटात जातं. जळोची आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आली आहे आणि गावाभोवती प्लॉटिंगच्या पाट्या लागल्या आहेत. कढण मात्र अजून घरोघरी होतं. आणि ते पिताना कुणी ना कुणी त्याच्याबद्दल काहीतरी ठामपणे सांगतंच. त्यातलं काही पिढ्यांच्या अनुभवातून आलेलं आहे, तर बरंचसं ऐकीव आहे.

पहिली गोष्ट नुसती कुजबुजली जाते : हुलगा हे गरिबाचं, नाहीतर बैलाचं खाणं. बैलांना आणि घोड्यांना हुलगे घालत हे खरंच आहे, पण का घालत ते पाहा. दिवसभर नांगर ओढणाऱ्या जनावराला ताकद देणारं आणि मुरमाड रानातही हाताला लागणारं धान्य हेच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि हुलगा सुपे-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यात सरकला. म्हणजे तो मागे पडला तो चांगल्या जमिनीवर नगदी पीक आलं म्हणून. त्याच्या कसाशी त्याचा संबंध नव्हता. १८७६-७७च्या दुष्काळात हा सगळा मुलूख होरपळला होता. अशा मुलखात कमी पावसावर, हलक्या रानात, इतर पेरणी हुकली तरी उशिरा टाकता येणारं आणि मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारं पीक लोकांनी धरून ठेवलं, यात शहाणपण होतं. पिकांवरच्या दुष्काळी आणि इतर नैसर्गिक ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९ साली जळोचीपासून जवळच, माळेगाव खुर्दला उभी राहिली. ती जागा चुकीची निवडली असं कुणी म्हणणार नाही.

आता खरा घोळ. "हुलग्याचं सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, म्हणून पाणी गाळून प्यायचं आणि चोथा टाकला तरी चालतो." आजाऱ्याला, बाळंतिणीला असं गाळलेलं कढण देण्याची रीत अनेक घरांत आहे. पचायला हलकं, घशाला ऊब देणारं, चार घोट जास्त पाणी पोटात घालणारं म्हणून ते चांगलंच आहे. पण सत्त्वाचं म्हणाल, तर पाण्यात उतरतात ती पोटॅशियमसारखी विरघळणारी खनिजं, 'ब' गटातली काही जीवनसत्त्वं, थोडा स्टार्च आणि थोडी प्रथिनं. प्रथिनांचा मोठा वाटा, लोह आणि जवळजवळ सगळा चोथा, म्हणजे तंतू, दाण्यातच राहतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम सुक्या हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. वाटीभर, समजा १३० ग्रॅम हुलगे घेतले तर २८-२९ ग्रॅम झाली. चौघांत वाटली की प्रत्येकाला सातेक ग्रॅम, म्हणजे एका अंड्याहून थोडी जास्त. हे चांगलं आहे, पण "हुलगा खाल्ला की मटणाची गरज नाही" असं छाती ठोकून सांगण्याइतकं नाही. आणि दाणे गाळून टाकले तर त्या सातातलंही बरंचसं गेलं.

म्हणून माझं मत सरळ आहे : आजाऱ्याचे पहिले दोन दिवस सोडले तर कढण गाळू नये. निम्मे दाणे रवीनं किंवा मिक्सरमध्ये घोटून त्याच पाण्यात मिसळावेत, निम्मे अख्खे ठेवावेत. दाटपणाही आपोआप येतो, वेगळं पीठ लावावं लागत नाही. शेंगोळीचा रस्सा दाट होतो तोही याच कारणानं. हुलग्याच्या पिठाची ती वेटोळी उकळताना आपला स्टार्च रश्श्याला देतात.

सोबत बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी आहे ती नुसती पोट भरायला नाही. कडधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर आणि गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी. भाकरीच्या धान्यात नेमकं उलटं. दोन्ही मिळून हिशेब जुळतो. तो एकाच ताटात जुळायला हवा असंही नाही, दिवसभरात जुळला तरी शरीराला चालतं.

शिजवण्याबद्दल तर प्रत्येक घराचा वेगळा कायदा. "मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही" हा त्यातला सगळ्यांत जुना. प्रत्यक्षात भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातलं तर साल लवकर मऊ पडतं. सालातल्या पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट बांधून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि ती बांधणी सैल होते. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा मीठ, रात्रभर, आणि सकाळी ते पाणी टाकून द्यायचं. दोष खरा आंबटाचा आहे. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी पडले तर तेच पेक्टिन घट्ट राहतं आणि दाणा तासभर उकळूनही कचकचतो. गूळही आधी घालू नये. आजीच्या हाताचं कढण मऊ व्हायचं ते चिंच शेवटी पडायची म्हणून, आणि दोष मात्र मिठाच्या माथी.

दुसरा आरोपी म्हणजे पाणी. काळ्या पाषाणातून वर आलेलं बोअरचं पाणी पुष्कळदा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. त्या पाण्यात तोच हुलगा दुप्पट वेळ घेऊ शकतो. "यंदाचा हुलगाच बोगस आहे" म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी एकदा फिल्टरच्या पाण्यात शिजवून पाहावं. तरीही दाणा हटला नाही तर माल जुना असण्याची शक्यता आहे. उष्ण, दमट जागी बरेच महिने पडलेलं कडधान्य आतून बदलतं आणि कितीही शिजवलं तरी कडक राहतं. अशा वेळी चिमूटभर खायचा सोडा कामाला येतो. त्यानं दाणा भराभर मऊ होतो, पण थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चवीला साबणाची झाक येते. जड पाण्याला नखभर सोडा ठीक, रोजची सवय नको.

"कुकरमध्ये सत्त्व मरतं, चुलीवरच्या मडक्यातलं खरं." चुलीच्या धुराची चव मी नाकारणार नाही, ती कुकरला येत नाही. पण जीवनसत्त्वांचा प्रश्न असेल तर कुकर फारसा वाईट नाही. जळोची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं. कुकरमध्ये दाबाखाली तापमान १२० अंशांपर्यंत जातं आणि काम तासा-दीड तासाऐवजी वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं. सत्त्व जास्त जातं ते शिजवलेलं पाणी ओतून दिल्यानं. कढणात पाणी ओतायचा प्रश्नच नाही. वर येणारा फेस मात्र काढलेला बरा. तो विष नाही, मळही नाही. सॅपोनिन आणि प्रथिनं यांचा तो फेस असतो, पण कुकरच्या शिट्टीत जाऊन अडकतो.

तर कृती अशी. वाटीभर हुलगे आधी नीट निवडा, कारण त्यातला खडा दाण्याच्याच रंगाचा असतो आणि दातानंच सापडतो. आठ-दहा तास मिठाच्या पाण्यात भिजवा, धुवा, पाच वाट्या पाण्यात कुकरला लावा. एक शिट्टी, मग आच बारीक करून पंचवीस मिनिटं. निम्मं घोटा. तेलात मोहरी, जिरं, हिंग, सात-आठ ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या तांबूस होईपर्यंत, कढीपत्ता, घरचा काळा मसाला. त्यात कढण ओतून दहा मिनिटं उकळू द्या. मीठ चाखून, मग आमसूल किंवा चिंचेचा कोळ, बोटभर गूळ. वाढताना वरून लिंबू. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वानं डाळी-कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच घेतलेला चहा त्याच्या उलट वागतो, आणि आपल्याकडे तो घेतलाच जातो.

वाताची तक्रार खोटी नाही. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही, म्हणून त्या तशाच पुढे जातात आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. वायू त्यातून होतो. पण "मला कडधान्य झेपतच नाही" हे बहुतेकदा सवयीचं प्रकरण असतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना रोज अर्धा कप शिजवलेल्या बीन्स दिल्या. पहिल्या आठवड्यात वात वाढल्याचं निम्म्याहून कमी जणांनी सांगितलं आणि पुढच्या आठवड्यांत ती तक्रारही ओसरली. तेव्हा सुरुवात अर्ध्या वाटीनं करावी. भिजवलेलं पाणी टाकल्यानं या शर्करा थोड्या कमी होतात, मोड आणल्यानं अजून कमी. हिंग आणि ओवा पोटाला बरे वाटतात, पण ते या शर्करांचं पाणी करतात असं समजू नये.

आणि मुतखडा. आयुर्वेदात अश्मरीसाठी, म्हणजे मुतखड्यासाठी, कुलत्थ म्हणजे हुलगाच सांगितला आहे, त्यामुळे "आठ दिवस कढण पी, खडा विरघळतो" हा सल्ला गावात फुकट मिळतो. बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात आणि ते खाण्यापिण्यानं विरघळत नाहीत. लहान खडा पुष्कळदा आपोआप, भरपूर लघवीबरोबर पडून जातो. कढण पिणारा दिवसाला चार वाट्या पातळ जास्त घेतो, त्याचा फायदा होतो, आणि श्रेय एकट्या हुलग्याला मिळतं. कढण जरूर प्या. पण कळा येत असतील, ताप असेल किंवा लघवी अडली असेल, तर कढणावर दिवस काढणं धोक्याचं आहे.

जाता जाता परदेशातल्या लेकी-सुनांसाठी. तिकडे हुलगा मिळेलच असं नाही, म्हणून हेच कढण राजम्याचं केलं जातं, आणि तेही सकाळी स्लो कुकरला लावून ऑफिसला जाण्याच्या बेतानं. "मंद आचेवर दिवसभर ठेवलं म्हणजे शिजणारच" हे राजम्याला, म्हणजे आपल्या घेवड्याच्या दाण्याला, लागू नाही. लाल राजम्यात एक लेक्टिन असतं. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेही उलट्या-जुलाब घडवू शकतात, आणि स्लो कुकरचं तापमान ते मोडायला अपुरं पडू शकतं. राजमा रात्रभर भिजवून पाणी टाका, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा, आणि मगच तो स्लो कुकरमध्ये जाऊ द्या.