अल्टरनेटरवरचा आकडा आणि बॅटरीची भूक

गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या शिडाच्या नौकांनी पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. अशी नौका वाऱ्यावर चालत असली, तरी तिचे दिवे, रेडिओ, दिशादर्शक यंत्रे आणि स्वयंचलित सुकाणू विजेवरच चालतात. ही वीज बॅटरीत साठवलेली असते. ती भरण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर. भर समुद्रात बॅटरी संपली, तर रात्री मोठ्या जहाजांना नौका दिसणेही कठीण होते. म्हणून या दोहोंचे गणित समजून घेणे आवश्यक ठरते.

समजा, नौकेवर ४०० अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या आहेत आणि त्या निम्म्या रिकाम्या झाल्या आहेत. अल्टरनेटरवर १०० अँपिअर असा आकडा आहे. मग दोन तास इंजिन चालवले की बॅटऱ्या भरतील, असे वाटते. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

पहिले कारण अल्टरनेटरमध्येच आहे. त्याच्यावरचा आकडा यंत्र थंड असताना आणि वेगाने फिरत असताना मिळणारा असतो. यंत्र तापले की प्रवाह घटतो. नांगर टाकून इंजिन मंद गतीने चालवले, तर तो निम्म्यावरही येऊ शकतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. किती प्रवाह घ्यायचा, हे अखेर बॅटरी ठरवते. शिसे-आम्ल बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत भरभर भरते. त्यानंतर नियंत्रक व्होल्टेज सुमारे १४.४ वर स्थिर ठेवतो आणि बॅटरी घेत असलेला प्रवाह हळूहळू ओसरतो. शेवटच्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. मोठा अल्टरनेटर बसवूनही हा काळ फारसा कमी होत नाही. डिझेल मात्र जळत राहते.

तरीही बॅटरी कायम अर्धवट भरलेली ठेवणे घातक असते. तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि क्षमता कायमची घटते. म्हणून सकाळी इंजिनाने मोठा वाटा भरावा आणि उरलेला सौरपट्ट्यांवर सोपवावा. दिवसभर संथपणे मिळणारी त्यांची वीज या शेवटच्या टप्प्याला नेमकी मानवते.

लिथियम बॅटरीचा प्रश्न उलटा आहे. ती जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मिळेल तेवढा प्रवाह ओढत राहते. मंद गतीत अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरत असल्याने यंत्र तापून जळण्याचा धोका असतो. शिवाय बॅटरीच्या संरक्षक यंत्रणेने जोडणी अचानक तोडली, तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरमधील डायोड निकामी होऊ शकतात. त्यामुळे तापमान पाहून प्रवाह आवरणारा नियंत्रक येथे अत्यावश्यक आहे. याच कारणाने, बॅटरी कोणतीही असो, इंजिन चालू असताना तिचा मुख्य स्विच बंद करू नये.

केवळ व्होल्टेज पाहून बॅटरीची स्थिती कळत नाही. शिसे-आम्ल बॅटरी काही तास विसावल्यानंतर १२.७ व्होल्ट दाखवत असेल, तर ती भरलेली आणि १२.२ च्या आसपास असेल, तर सुमारे निम्मी समजावी. मात्र भरताना किंवा वापरात असताना हेच आकडे फसवे ठरतात. म्हणून बॅटरीत गेलेल्या आणि तिच्यातून आलेल्या अँपिअर-तासांची नोंद ठेवणारा मापक बसवणे हिताचे. मोठ्या अल्टरनेटरवर खर्च करण्यापूर्वी आपली बॅटरी खरोखर किती प्रवाह घेते, हे त्यावरून आधी पाहावे.